काळं खाली बसलं नाही

सुनंदा,

कावळा खोटं बोलला. दहाव्याला पिंड ठेवून लोक नीट मागेही सरले नव्हते, तोच तो आला, भाताला चोच लावली आणि उडून गेला. घाटावरच्या सगळ्यांनी सुस्कारा सोडला. माझे धाकटे दीर म्हणाले, "पोरगी समाधानानं गेली, वैनी. काई इच्छा राह्यली नाई तिची." माझ्या सासूबाईंच्या वेळी कावळ्यानं घरच्या पुरुषांना दुपारपर्यंत उन्हात बसवलं होतं. एकेकानं पुढं होऊन कबूल करायचं, हे करू, ते करू, याचं लग्न लावू, त्याला सांभाळू. तुझ्या वेळी कुणाला काही कबूल करण्याची संधीच मिळाली नाही. मला इतका संताप आला की एक खडा उचलून मी त्या कावळ्याच्या मागे भिरकावला. आपल्यात बायका घाटावर जात नाहीत. मी गेले, आणि वर हे असं केलं. सुनेच्या दुःखानं मास्तरीणबाईंचं डोकं फिरलं, असं लोक म्हणाले. म्हणोत बापडे. तुझी काय इच्छा राहिली होती ते तिथं मला आणि अविनाशला पक्कं ठाऊक होतं, आणि ती त्या वेळी त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होती.

तुझी ती बाटली. बुटकी, रुंद तोंडाची, पांढऱ्या झाकणाची, आत काळं पाणी. बघणाऱ्याला वाटावं, शाळेतल्या पोराची शाई.

तू आमच्या घरी कशी आलीस ते आधी आठवतं. लग्न होऊनही तू संशोधनासाठी हैदराबादला वसतिगृहात राहायचीस, अविनाश इथं आदिलाबादच्या ऑफिसात, आणि शनिवार-रविवारच्या बसवर तुमचा संसार. मग हे अर्धांगानं आडवे झाले. मला एकटीला त्यांची कूसही बदलता येईना. तुला कुणी बोलावलं नव्हतं. तू एक दिवस बॅग घेऊन दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मामंजीची पाठ कोणत्या बाजूनं लाल झाली, पायू द्या." ते जाईपर्यंत त्यांची पाठ तू पुसलीस, भांडं तू उचललंस. माझ्या पोटच्या पोरानं नाकाला रुमाल लावला तिथं तू लावला नाहीस. तेव्हा तुला मी काही बोलले नाही. आपल्या घरात असलं काही बोलायची रीत नाही, रीत फक्त भांडायची आहे, आणि ती आपण दोघींनी मनापासून पाळली.

हैदराबादहून निघताना तुझ्या सरांनी तुला चिमूटभर काजळी दिली होती, काचेच्या इवल्या कुपीत. ती नुसती काजळी नव्हती म्हणे. तिच्यात कोळशाच्याच नळ्या होत्या. केसाचे उभे हजारो भाग केले तर त्यातला एक जेवढा, तेवढी एक नळी. पण एकमेकींना अशा बिलगलेल्या की सुटता सुटत नाहीत, आणि पाण्याशी तर सात जन्मांचं वैर. त्या सुट्या करायच्या आणि पाण्यात सुट्याच ठेवायच्या, हे तुझं काम. "हे पाणी काळंच राहिलं, खाली बसलं नाही, तर घेऊन ये. मग पुढचं बोलू," असं सर म्हणाले होते. तुझं सगळं पुढचं त्या एका बोलण्यावर टांगलेलं होतं. शिष्यवृत्ती संपली होती, नाव कापलं जायच्या बेतात होतं. इथल्या कॉलेजात तासावर शिकवून उरलेल्या वेळात तू पाणी काळं करत बसायचीस. हिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली आहे, असं मी शेजारपाजारी सांगायची. तुलाही ते आवडायचं.

मला आठवतं, पहिली बाटली तू खिडकीत ठेवलीस आणि सकाळी बघतो तर वर नितळ पाणी, तळाला काळा थर. तुझा चेहरा पडला.

"हलव ना मंग," मी म्हणाले. "हलवलं का पुन्ना काळं होते."

"आई, हलवून त मातीही राह्यते पाण्यात. न हलवता राह्यलं पायजे."

मग तू साबण आणलास. आपल्या ओळखीचा नव्हे. पांढरा भुगा, ना वास ना रंग, नाव मात्र मालगाडीसारखं लांब. त्याचं एक टोक पाण्याचं, दुसरं टोक काजळीचं. नळ्या सुटल्या की तो मधे शिरतो आणि त्यांना पुन्हा चिकटू देत नाही, असं तू मला स्वयंपाकघरात पोळपाटावर शेवया मांडून समजावलंस. मी आयुष्यभर मराठी शिकवलेली बाई, मला रसायन काय कळणार. पण भांडायला तेवढं पुरे होतं.

"काऊन वं, बिचाऱ्या एकीनं राहून राह्यल्या. तुले काऊन त्यायची ताटातूट करा लागते?"

"गठ्ठ्यात राह्यल्या त नुसती काजळी हाय. सुट्या झाल्या त कामाच्या."

"आन हा साबण म्हंजे मधात बसणारी सासू."

"हो," तू म्हणालीस. "आन जास्त झाला का पुन्ना गुठळ्या होतात."

कसली हसलीस तू त्या दिवशी! मीही हसले, पण दुपारभर तुझ्याशी बोलले नाही.

नुसत्या साबणानं भागणार नव्हतं. गठ्ठे आधी सुटावे लागतात, आणि त्यासाठी जे यंत्र लागतं ते तुझ्या कॉलेजात नव्हतं. ते निघालं नरसय्या सोनाराकडे. दागिने धुवायची त्याची डबी, पाण्यानं भरलेली, बटण दाबलं की कानाला न कळेल असं गुणगुणते आणि दागिन्यातला मळ सुटून येतो. तू चौकशी करत करत तिथं पोचलीस. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा तो तुझी कुपी त्या पाण्यात धरू द्यायचा. एकटी सून रोज सोनाराकडे बसलेली बरी दिसणार नाही म्हणून मी सोबत यायची. नरसय्या मला लाकडी स्टूल द्यायचा आणि डोळे मिचकावत म्हणायचा, "अम्मा, लोक माझ्याकडे काळं काढायला येतात. तुम्ही काळं करायला येता." फार वेळ धरलं तर नळ्या सुटतात पण तुटतात, असं तू सांगायचीस आणि घड्याळ बघत राहायचीस. मी वाती वळायची. माझ्या म्हातारपणातल्या सगळ्यात बऱ्या दुपारी त्या सोनाराच्या दुकानात गेल्या, हे तुला ऐकायला आवडलं असतं.

पण गाव गप्प बसतंय थोडंच? सासू-सून रोज भर दुपारी सोनाराच्या दुकानात, पदराखाली काहीतरी झाकून नेतात, तासाभरानं झाकूनच परत आणतात. मास्तर गेले आणि घर धुऊन निघालं, बाया अंगावरचं मोडून खातात, ही बातमी पार वांकिडीला तुझ्या माहेरी गेली. तुझे बाबा ज्वारीचं पोतं घेऊन लाल बसनं आले. पोतं पडवीत टेकवलं, पाणीही घेतलं नाही, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "विहीणबाई, काई अडलं असन त सांगा. आमी परके नाई."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा लाजेनं मेल्यागत झालं. तू मात्र आत जाऊन बाटली घेऊन आलीस आणि त्यांच्या हातात दिलीस. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली.

"हे काय व्हय? शाई?"

"नाई बाबा. हेच कराले जातो आमी."

"पाणी काळं कराले तू इतकी शिकली?"

"काळं कराले नाई. काळं राह्याले."

त्यांनी मान डोलावली, जशी माणसं देवळात न कळलेल्या श्लोकाला डोलावतात. ज्वारी मात्र परत नेली नाही. तिच्या भाकरी तू पोटभर खाल्ल्यास, असं लिहायला गेले आणि हात थांबला. खाल्ल्या त्या लोकांनी, तुझ्या तेराव्याला. उरलेल्या ज्वारीचं पीठ मीच दळून आणलं.

मग ते पाण्याचं प्रकरण. कॉलेजातलं ऊर्ध्वपातनाचं यंत्र जळलेलं, म्हणून तू बसस्टँडजवळच्या गॅरेजातून बॅटरीचं पाणी कॅननं आणायचीस. दोनतीन बाटल्या छान राहिल्या. उन्हाळ्यात एकाएकी सगळं बिघडलं. साबण टाकला की पाणी दुधाळ, आणि काळं गोळा होऊन घटकेत तळाला. तुला वाटलं साबण चुकला, मग वाटलं काजळी चुकली, मग तुझं तुलाच वाटायला लागलं की आपणच चुकलो. आख्खा उन्हाळा त्यात गेला. काजळी मुळात चिमूटभर, ती अशी तळाला जाऊन संपत आलेली. एक दिवस तू पदर खोचलास आणि मला घेऊन गॅरेजवर गेलीस.

"मॅडम, गर्मी में माल कम आया तो थोडा बोर का पानी मिलाया," तो भला माणूस म्हणाला. "बॅटरी को क्या मालूम पडता?"

"मेरे को मालूम पडता," तू म्हणालीस. पुढं तू जे बोललीस ते मी इथं लिहीत नाही, पण ते वांकिडीचं होतं आणि अस्सल होतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात चुना. चुन्यानं साबण फाटतो, साबण फाटला की नळ्या पुन्हा गळ्यात गळा घालतात. घरी येताना हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं. त्या दिवशी मी तुला म्हणाले, पुरे झालं, शंभरदा ऐकलं. ते ऐकणं पुढं कशाला कामी येणार आहे ते मला काय माहीत.

त्यानंतर तू माझा जुना कुकर घेतलास. शिट्टीच्या जागी रबरी नळी, तिला फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून आणलेली तांब्याची वेटोळी, ती गार पाण्याच्या बादलीत, आणि थेंब थेंब पाणी. पहिल्या पाण्याला वरणाचा वास आला म्हणून तू ते ओतून दिलंस आणि कुकर चिंच लावून पुन्हा घासलास. मी पातेल्यात डाळ शिजवायला लागले आणि रोज कुरकुरले. पण पाणी चांगलं आलं. काजळीची शेवटची फक्की त्यात गेली. शेवटची बाटली नरसय्याकडून आणून तू खिडकीत ठेवलीस आणि म्हणालीस, "हे बसलं त संपलं, आई."

ते बसलं नाही. श्रावण लागला, संपत आला, बाटली जशीच्या तशी. तू रोज तिच्यामागे कागद धरून बघायचीस. हात लावायची सगळ्यांना बंदी. धूळ पुसायचीही. "पोळ्याले वांकिडीले जाऊन येतो, मंग हैदराबाद," तू ठरवलंस. त्यावरून आपलं शेवटचं भांडण झालं. मी म्हणाले, अविनाशचं काय? तू म्हणालीस, शनिवारी येईल, त्याला बस ठाऊक आहे. मी म्हणाले, आणि माझं? तू पिशवी भरत राहिलीस. मग वळून विचारलंस, "तुमी येता का संगं? तिथंही सोनार हायेत." ते थट्टेत होतं की खरंच, हे मी विचारलं नाही. परत आलीस की विचारू म्हटलं.

परत आलीस ती हुडहुडी घेऊनच. वांकिडीकडे त्या पावसात घरोघर हिवताप होता. गोळ्या झाल्या, ताप उतरला, आपण सुटलो म्हटलं, आणि मग तो डोक्यात चढला. डॉक्टर म्हणाले, थांबू नका, नागपूरला न्या. जीपमध्ये मागच्या बाकावर तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. अविनाश पुढं बसून ड्रायव्हरला सारखा जोरात, जोरात म्हणत होता, आणि खड्डा आला की हळू, हळू. तुझे दात वाजत होते. लुगडं माझ्या मांडीवर ओलं झालं होतं, घामानं का कशानं, मी पाहिलं नाही. पैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा तू डोळे उघडलेस. माझ्याकडे पाहिलंस, ओळखलंस. अगदी नीट, शुद्धीवर असल्यासारखं विचारलंस, "बाटली उनात नाई ना, आई?"

"नाई वं बाई," मी म्हणाले. "सावलीत हाय."

मला खरं माहीत नव्हतं. त्या गडबडीत कोण बघतंय. पांढरकवडा मागे पडलं आणि तुझं अंग थरथरायचं थांबून एकदम जड झालं. मी अविनाशला सांगितलं नाही. तो अजून जोरात, जोरात म्हणत होता. कितीतरी वेळ मी त्याला तसंच म्हणू दिलं. शेवटी ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि जीप बाजूला घेतली.

घरी आल्यावर, तुला खाली ठेवल्यावर, मी आधी खिडकीपाशी गेले. लोकांनी ते पाहिलं असेल तर त्यांना काय वाटलं असेल देव जाणे. बाटली सावलीत होती.

तर दहाव्याचा तो घाट. अस्थी सोडल्या. कावळा येऊन गेला. मग अविनाशनं पिशवीतून तुझा चष्मा काढला, तुझा पांढरा कोट काढला आणि बाटली काढली. गेलेल्याच्या जिवाची वस्तू त्याच्यासोबत द्यावी, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. कोट वाहून गेला, चष्मा बुडाला. त्यानं बाटलीच्या झाकणाला हात घातला आणि मी त्याचं मनगट धरलं.

"या पाण्यात नको."

"माय, गंगा हाय थे," भटजी म्हणाले.

"असन गंगा. चुना हाय तिच्यात. फाटन थे."

कुणाला काही कळलं नाही. अविनाशला कळलं असावं, पण तो रडकुंडीला आलेला. "आई, घरी ठेवून काय करू मी? थे पायली का मले तिचा हात दिसते." त्याला मी काय सांगणार? माझ्या डोळ्यांपुढं एवढंच होतं की या नदीत ते सोडलं तर घटकेत गोळा होऊन गाळात जाईल, जसं त्या उन्हाळ्यात जायचं, आणि तू पुन्हा कागद मागे धरून बघत बसशील. मी बाटली काढून घेतली. तो पायरीवर बसला आणि लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून रडला. मी त्याच्याजवळ बसले नाही. बाटली पोटाशी धरून उभी राहिले. तू गेल्यापासून माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. तेव्हाही आलं नाही.

परवा मी हैदराबादला गेले. कुणाला सांगितलं नाही, सकाळची बस धरली. बाटली तुझ्या जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर. निर्मलच्या घाटात बसनं असे गचके दिले की माझी हाडं सुटी झाली. शेजारच्या बाईनं विचारलं, औषध आहे का? मी हो म्हणाले. रस्ताभर एक वाक्य मनात घोळवत होते. सुनंदा गेली, हिवतापानं गेली, तिनं हे तुमच्यासाठी करून ठेवलं होतं. इतकंच. पोरांना हजार वाक्यं शिकवली, तर हे एक मला बोलता येईल असं वाटलं.

तुझे सर मला वाटले होते त्याहून म्हातारे आहेत. मी सुनंदाची सासू, एवढं म्हणाले आणि टॉवेल सोडला. बाटली दिसली आणि त्यांचं माझ्याकडे लक्षच राहिलं नाही. त्यांनी ती दिव्यासमोर धरली, तिरपी केली, तळ पाहिला. थोडं पाणी नळीत घेऊन एका यंत्रात घातलं. ते यंत्र जत्रेतल्या पाळण्यासारखं गरगर फिरलं. थांबल्यावर त्यांनी नळी वर केली. तळाशी तिळाएवढा ठिपका, बाकी सगळं काळंभोर. त्यांनी दोन विद्यार्थ्यांना हाक मारली, तेलुगूत भरभर काहीतरी सांगितलं. तुझं नाव मला तीनदा ऐकू आलं.

मग माझ्याकडे वळले. "आदिलाबाद में बैठके किया? पानी कहाँ से लाया?"

"कुकर से," मी म्हणाले.

ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. ते हसत असताना माझं वाक्य कुठं घालायचं? मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, खुद क्यों नहीं आई, कॉलेज की परीक्षा होगी, आणि उत्तराची वाटही न बघता मला खिडकीजवळ घेऊन गेले. तिथं एक टेबल होतं. वर काही नव्हतं. खाली एक स्टूल सरकवलेलं, त्याच्या एका पायाला चिंधी बांधलेली. डगमगतो म्हणून तूच बांधली असशील, आपल्या लुगड्याच्या काठाची आहे.

"किसी को दिया नहीं," ते म्हणाले. "उसको बोलिए अम्मा. जरूर बोलिए."

मी "बरं" म्हणाले. नमस्कार केला आणि जिना उतरले. खाली रस्त्यावर आल्यावर मला रडू आलं, भर गर्दीत, पदर तोंडात कोंबूनही आवरेना असं. त्यांना सांगायला मला पुन्हा जावं लागेल. जाईन. पण त्यांनी आधी निरोप दिला आहे, आणि घेतलेला निरोप पोचवावा लागतो.

सुनंदा, काळं खाली बसलं नाही. तुझं टेबल रिकामं आहे. ये म्हणाले.